रोज रस्त्यावर धावणाऱ्या ऑफ-रोड गाडीला कोणतं डिफ बसवावं?

डिफरन्शियल (थोडक्यात डिफ) म्हणजे ॲक्सलच्या मध्ये बसून दोन्ही चाकांना ताकद वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच. तो बदलायचा विषय निघाला की बोलणं लगेच दगडांवर आणि चिखलावर जातं. पण जी पिकअप किंवा जीप आठवड्यातले सहा दिवस डांबरावरच असते, तिच्या डिफची परीक्षा ओल्या वळणावर होते. पाऊस नुकताच सुरू झालाय, मागचा हौदा रिकामा आहे, वळण पुढे आवळत जातंय आणि पाय ॲक्सिलरेटरवर आहे. त्या क्षणी मागची दोन चाकं एकमेकांशी कशी वागतील, हे आधी ठरवा. डोंगरात काय लागेल ते त्यानंतर बघा. उलट्या क्रमानं निवडलेलं डिफ बहुतेक वेळा वर्षभरात पुन्हा उघडावं लागतं.

आधी गणित नीट समजून घेऊ, कारण निम्म्या चुका इथेच होतात. ओपन डिफ, म्हणजे क्लच किंवा लॉक नसलेलं साधं डिफ, सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतं, असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. ओपन डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. अडचण अशी, की हा टॉर्क कमी पकड असलेलं चाक ठरवतं. डावं चाक चिखलात आहे आणि २०० न्यूटन-मीटरलाच घसरतंय असं धरा. मग कोरड्या जमिनीवरच्या उजव्या चाकालाही २०० च मिळतात, म्हणजे गाडीला एकूण ४००. डावं चाक हवेत गेलं तर त्याची पकड शून्य, म्हणून उजव्यालाही शून्य. इंजिन कितीही मोठं असलं तरी फरक पडत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल याच नियमाचा फायदा घेतं. घसरणाऱ्या एकट्या चाकाला ५०० न्यूटन-मीटरचा ब्रेक लावला, की पलीकडच्या चाकाला तेवढेच ५०० मिळतात. हँडब्रेक थोडा ओढून निघायची युक्ती मात्र ओपन डिफवर चालत नाही. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच धरतो, त्यामुळे जमिनीवरच्या चाकाला जेवढं मिळतं तेवढं ब्रेकच खाऊन टाकतो.

आता पर्याय बघू.

क्लच प्लेटवालं लिमिटेड स्लिप. लिमिटेड स्लिप म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारं डिफ. यात स्पायडर गिअरच्या (डिफच्या आतल्या छोट्या गिअरच्या) बाजूला स्टीलच्या आणि घर्षणाच्या पातळ चकत्यांचा गठ्ठा असतो आणि स्प्रिंग तो कायम दाबून धरते. किंमत कमी, रस्त्यावर वागणूक सौम्य आणि प्लेट बदलता येतात. पण प्लेट झिजतात, आणि झिजलेलं लिमिटेड स्लिप हे नावापुरतंच असतं, चालतं ओपन डिफसारखं. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालावा लागतो, एका डिफला साधारण १०० ते १२० मिली. तो कमी पडला तर पार्किंगमध्ये वळताना मागून थरथरल्यासारखा आवाज येतो. जास्त झाला तर प्लेट पकडतच नाहीत. म्हणून आधी अर्धी मात्रा घाला, मोकळ्या जागेत सावकाश आठच्या आकड्यासारख्या दहा-पंधरा फेऱ्या मारा आणि आवाज राहिलाच तर उरलेली घाला. जास्त वजन ओढणाऱ्या आणि चिखलात वारंवार रुतणाऱ्या गाडीत या प्रकाराकडून फार अपेक्षा ठेवू नका.

हेलिकल गिअरवालं लिमिटेड स्लिप. टॉर्सन आणि ईटनचं डेट्रॉइट ट्रूट्रॅक ही यातली परिचित नावं. यात क्लच नाही, झिजायला प्लेट नाहीत. तिरक्या दातांचे गिअर टॉर्क आला की केजच्या (हे गिअर ज्यात बसतात त्या पेटीच्या) भिंतींवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. किती जास्त, ते त्या डिफच्या टॉर्क बायस रेशोवर ठरतं. तो ३ धरला, तर वरच्या उदाहरणात डाव्या चाकाला २०० आणि उजव्याला ६००, एकूण ८००. ओपन डिफच्या दुप्पट. चालकाला काहीच करावं लागत नाही, कुठलं बटण नाही, आवाज नाही आणि ओल्या वळणावर वागणूक गुळगुळीत राहते.

याची मर्यादाही त्याच गणितात दिसते. चाक हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच. मात्र इथे हँडब्रेकची युक्ती चालते. दोन्ही चाकांना २०० चा ब्रेक लावा. हवेतल्या चाकाला २०० चा भार मिळतो, जमिनीवरच्याला ६०० पर्यंत जातात, त्यातले २०० ब्रेक खातो आणि ४०० हातात उरतात. हमवी या अमेरिकी लष्करी गाडीच्या चालकांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र वापरायला शिकवतात ते याचसाठी, कारण त्या गाडीत पुढे-मागे टॉर्सन आहेत. या डिफमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घालू नका. त्याचं सगळं काम घर्षणावर चालतं आणि मॉडिफायर तेच कमी करतो. ट्रूट्रॅकसाठी तर ईटन साधं खनिज गिअर ऑइलच सांगतं, सिंथेटिक नको म्हणतं.

ऑटोमॅटिक लॉकर. डेट्रॉइट लॉकर हे याचं जुनं आणि मजबूत रूप. हे डिफ मुळात लॉकच असतं, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना जोडलेली असतात. वळणावर बाहेरचं चाक क्राऊनपेक्षा (केजवर बसलेल्या मोठ्या गिअरपेक्षा) जास्त वेगानं फिरू लागलं, की तेवढ्यापुरतं त्या बाजूचं दातेरी जोडकाम सुटतं. याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. वळणावर ॲक्सिलरेटर दाबलेला असेल, तर सगळा टॉर्क आतल्या चाकाकडे असतो, आणि वळणात भार आतल्या चाकावरच कमी असतो. रस्ता ओला असेल तर ते चाक सुटतं, बाहेरच्याच्या वेगाला येतं, खटकन दोन्ही लॉक होतात आणि मागचा भाग एकदम बाहेर फेकला जातो. ॲक्सिलरेटर मध्येच सोडला तरी भार आतल्या चाकावरून बाहेरच्यावर उडी मारतो आणि स्टेअरिंगला हिसका बसतो. व्हीलबेस आखूड आणि गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर हे सगळं जास्त जाणवतं. लांब पिकअपमध्ये कमी जाणवतं, पण जात नाही. घरातली दुसरी माणसं तीच गाडी चालवणार असतील, तर आमच्या मते मागे ऑटोमॅटिक लॉकर नकोच.

लंचबॉक्स लॉकर. लॉक-राइट, ऑसी ही यातली नावं. हाही ऑटोमॅटिकच, पण मूळ केज तसाच ठेवून फक्त स्पायडर आणि साइड गिअरच्या जागी बसतो. क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन गिअर यांची जुळणी हलत नाही, म्हणून एका दिवसात घरच्या हत्यारांनी होतो. ताकद मात्र मूळ केज आणि मूळ क्रॉस पिनएवढीच राहते. बसवताना दोन भागांमधली फट फीलर गेजनं मोजायचीच. माहितीपत्रकातला आकडा पाळा, बहुतेकांत तो ४ मिमीच्या आसपास असतो. फट जास्त निघाली तर केज किंवा थ्रस्ट वॉशर झिजलेले आहेत, आणि तशा केजमध्ये लॉकरचे दात पुरते बसत नाहीत, टोकांवर तुटतात.

निवडक लॉकर. बटण दाबलं की पूर्ण लॉक, सोडलं की ओपन डिफ. एआरबीचा हवेवर चालतो, ईटनचा ई-लॉकर विजेवर, ओएक्सचा केबलवरही मिळतो. रस्त्यावर गाडी कंपनीतून आल्यासारखीच चालते आणि चाक हवेत असलं तरी दुसरं चाक पूर्ण ताकद लावतं. महाग असतो आणि जोडण्या जास्त असल्यामुळे बिघाडाच्या जागाही जास्त.

स्पूल (दोन्ही चाकं कायमची जोडणारा भाग) आणि वेल्डिंग केलेलं डिफ यांचा विचार रस्त्याच्या गाडीत करूच नका. प्रत्येक वळणावर एक टायर घासला जातो, हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) पिळवटतो आणि तुटला तर तो वळणातच तुटतो.

मग निवड कशी करायची?

गाडीत ब्रेकवर चालणारं चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर हेलिकल डिफमुळे मिळणारा फायदा बराचसा आधीच तुमच्याकडे आहे. अशा गाडीत मागे निवडक लॉकर घाला. नसेल, आणि वापर ओला रस्ता, बर्फ, खडी, शेतवाट, ट्रेलर असा असेल, तर मागे हेलिकल घाला. तो दररोज, प्रत्येक निसरड्या चढावर न सांगता काम करतो. लॉकर मात्र वर्षातून दहा दिवस कामाला येतो. वाटेवर चाकं खरोखर हवेत जात असतील, तर ट्रॅक्शन कंट्रोल असो वा नसो, लॉकरला पर्याय नाही.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत मागे ऑटोमॅटिक लॉकर हा धोका आहे. ती यंत्रणा घसरणारी गाडी सरळ करायला एकाच चाकाला ब्रेक लावते. ॲक्सल लॉक असेल तर तो ब्रेक दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो आणि हिशोब चुकतो.

पुढच्या ॲक्सलची घाई नको. पुढे लॉक केलं की स्टेअरिंग जड होतं, वळणाचा घेर वाढतो आणि स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत सीव्ही जॉइंटवर (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्यावर) सगळा भार येतो. पुढचं चाक पूर्ण वळवलेलं, डिफ लॉक आणि ॲक्सिलरेटर दाबलेला, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सीव्ही फुटतो. गाडी कायम फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढे फक्त हेलिकल किंवा निवडक. पार्ट-टाइम असेल आणि फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सलपासून मोकळं करता येणारे हब) असतील, तर पुढे लंचबॉक्स लॉकरही चालतो, कारण हब मोकळे असताना रस्त्यावर तो आहे हे कळतही नाही.

आणि या सगळ्याआधी टायर. गुळगुळीत झालेल्या रोड टायरवर कुठलंही डिफ लावलं तरी घसरणारी चाकं एकाऐवजी दोन होतात, एवढाच बदल.

ऑर्डर देण्याआधी काय तपासायचं

सध्या आत काय आहे ते बघा. पुढची चाकं नीट अडवा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, दोन्ही मागची चाकं वर उचलून स्टँडवर. एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट फिरलं तर ओपन. त्याच दिशेनं फिरलं तर लिमिटेड स्लिप किंवा लॉकर. झिजलेलं क्लचवालं लिमिटेड स्लिप इथे ओपनसारखं दिसू शकतं, म्हणून हाउसिंगवरचा टॅगही वाचा.

रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफकडे येणाऱ्या दांड्याचे) किती फेरे होतात तो आकडा. तो मोजायचा असेल तर ओपन डिफमध्ये एक चाक पक्कं धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. शाफ्टवर खडूची खूण करा म्हणजे पाव फेराही चुकणार नाही. तीन आणि जवळजवळ पाऊण फेरा आला तर रेशो ३.७३ च्या आसपास.

हा आकडा महत्त्वाचा, कारण काही ॲक्सलमध्ये रेशोनुसार केज बदलतो. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक केज आणि ३.९२ पासून वर दुसरा. मोठे टायर घालायचे असतील तर रेशोचा निर्णय लॉकरच्या आधी घ्या. जुना रेशो गुणिले नव्या टायरचा व्यास भागिले जुना व्यास. २९ इंचांवरून ३३ वर जाताना ३.७३ चे ४.२४ होतात. म्हणजे बहुतांश सपाट हमरस्ता असेल तर ४.१०, घाट आणि ओझं जास्त असेल तर ४.५६. दोन्ही कामं एकदम केली तर डिफ एकदाच उघडावं लागतं, मजुरी एकदाच लागते आणि चुकीच्या बाजूचा केज गळ्यात पडत नाही.

हाफ शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन (उभे दाते) मोजा. २७, ३०, ३५ असे वेगवेगळे असतात आणि लॉकर त्याच आकड्याचा लागतो. शाफ्ट सी-क्लिपनं अडकवलेला आहे की चाकाच्या बाजूनं बोल्टनं, हेही लिहून ठेवा. दोन्हींसाठी लॉकरचे मॉडेल वेगळे असू शकतात.

सोबत मागवायचं सामान: केजची दोन नवी बेअरिंग, शिमचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच, क्राऊनचे नवे बोल्ट, दोन्ही ॲक्सल सील, कव्हरचा गॅस्केट किंवा सीलंट आणि योग्य तेल. जुनी बेअरिंग ओढून काढताना हमखास खराब होतात, ती परत वापरू नका.

बसवताना

काही उघडण्याआधी डायल गेज लावून क्राऊनचा प्ले (पिनियनच्या दातांशी असलेली मोकळीक) मोजा आणि लिहून ठेवा. जुनंच क्राऊन-पिनियन परत बसवणार असाल तर हाच आकडा परत यायला हवा. दात त्याच जागी घासून बसलेले असतात, जागा बदलली की डिफ रडायला लागतं. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी आणि वर-खाली अशी पंचनं खूण करा. कॅप हाउसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

क्राऊन नव्या केजवर चढवताना बैठकीवर एकही खरड किंवा कचरा नको. बोल्टला थ्रेडलॉकर लावून, समोरासमोरच्या क्रमानं, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. केज शिमसह हाउसिंगमध्ये हातानं सहज सरकला, तर बेअरिंगवर प्रीलोड (आधीपासूनचा दाब) नाही. तो हलक्या हातोडीनं ठोकून बसायला हवा. प्ले कमी-जास्त करायला एका बाजूची शिम दुसऱ्या बाजूला हलवा, एकूण जाडी तीच ठेवून. ०.१० मिमी हलवलं की प्ले साधारण ०.०७ नं बदलतो. नव्या गिअरसाठी बऱ्याच ॲक्सलचा प्ले ०.१५ ते ०.२५ मिमीमध्ये असतो. तीन-चार ठिकाणी मोजा. जागोजागी आकडा बदलत असेल तर क्राऊन वाकडा बसलाय.

मग दातांना रंग लावून नक्षी बघा. क्राऊन हातानं थोडा अडवून धरत फिरवायचा, म्हणजे ठसा स्पष्ट उमटतो. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर, कडा अस्पष्ट अशा लंबगोलासारखा हवा. दाताच्या माथ्याकडे सरकलेला असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, मुळाशी गेलेला असेल तर फार जवळ आहे. ही दुरुस्ती पिनियनच्या शिमनं होते, केजच्या शिमनं नाही. इथे कंटाळा केला तर ६०-७० च्या वेगाला कायमची शिट्टी बसते आणि मग गिअरच बदलावे लागतात. हातात डायल गेज आणि बेअरिंग प्रेस नसेल, तर हा भाग जाणत्या गॅरेजकडूनच करून घ्या.

एअर लॉकरची नळी सायलेन्सरपासून दूर आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लटकल्यावरही ताणणार नाही एवढी सैल ठेवा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका. लॉक केल्यावर काही मिनिटांतच कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. बाहेर बुडबुडे नाहीत पण ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या वाटेतून) तेल फेकलं जातंय, तर आतली ओ-रिंग गेली. हवा हाउसिंगमध्ये शिरून तेल ढकलते. ई-लॉकरला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या. बटणावर झाकण हवंच, म्हणजे भर वेगात चुकून हात लागणार नाही. ब्रीदरची नळीही याच वेळी उंच नेऊन बांधा.

वापरताना

निवडक लॉकर उभ्या गाडीत किंवा चालण्याच्या वेगात लावा. चाक भिरभिरत असताना बटण दाबलं तर दात मोडतात. अडचणीच्या जागेआधी लावायचा, अडकल्यावर नाही. सुटत नसेल तर ॲक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करा किंवा दोन हात मागे घ्या. एका बाजूला उतरत्या, बर्फाळ किंवा चिकण रस्त्यावर लॉक लावू नका. दोन्ही चाकं एकदम सुटली की गाडीला बाजूनं धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ती उताराकडे घसरते.

एकाच ॲक्सलवर दोन्ही टायर सारख्या मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे ठेवा. ऑटोमॅटिक लॉकर असताना एका टायरमध्ये चार-पाच पीएसआय कमी असली तरी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढू शकते. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

लिमिटेड स्लिप किंवा लॉकर बसवलेल्या गाडीचं एकच चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही टाकू नका. जमिनीवरचं चाक ताकद घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. गाडीवर हे डिफ आहे, हे टायरवाल्याला आणि मेकॅनिकला आधी सांगा.

नवे क्राऊन-पिनियन असतील तर पहिल्यांदा २५ किलोमीटर हळू चालवा आणि अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नाही आणि एकसारखा जास्त वेग नाही. मग तेल काढा आणि ड्रेन प्लगचं चुंबक बोटानं पुसून बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर तो गिअर बसत असल्याचा, पुसून टाका आणि नवं तेल भरा. बोटाला टोचणारे चमकते तुकडे लागले तर गाडी तिथेच थांबवा आणि कव्हर उघडा.